घरातलं अक्षर

आमच्यात नवऱ्यानं बायकोला पत्र लिहायची पद्धत नव्हती. पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं, आणि मोठ्यानं वाचायचेही तेच. सुरुवातीला 'तीर्थरूप अप्पांस शरणार्थ', शेवटी 'वडील मंडळींस शरणार्थ, लहानांस आशीर्वाद'. मी वडील नव्हते आणि लहानही नव्हते. त्या पत्रात मला उभं राहायला जागा नव्हती.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर भूममधली बरीच तरणी माणसं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडच्या कॅम्पात गेली, रझाकारांशी लढायला. आमचे हेही गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "येतो." चार महिने मी त्या एका शब्दावर काढले. चूल पेटवताना म्हणून बघायची, पाणी ओढताना म्हणून बघायची. पुढं पुढं त्यांचा आवाजसुद्धा त्यातून निघेनासा झाला.

सासऱ्यांचं नाव कल्याणप्पा. मी त्यांना मामा म्हणायची. सासू लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. मामांचा उजवा हात वारं जाऊन लुळा पडला होता, तेव्हापासून त्यांची पत्रं आमच्या दुकानातला माणूस लिहून द्यायचा. पण पोरगा कॅम्पात आहे हे फुटलं असतं तर रझाकारांनी दुकान जाळलं असतं. म्हणून परक्याच्या हातची पत्रं बंद झाली.

"नीलम्मा, तुला लिव्हता येतं का गं?" मामांनी एक दिवस विचारलं.

माहेरी दोन इयत्ता झाल्या होत्या. सासरी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

"थोडं येतं," मी म्हणाले.

मामांनी मला मागच्या गल्लीतल्या सिताबाईंकडं पाठवलं. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. बाई भारी कडक. "नुसती पत्रं खरडायला म्या शिकवीत न्हाय. चौथीच्या परीक्षेला बसायचं असंल तर ये," म्हणाल्या. मला परीक्षेचं काही पडलं नव्हतं, पण मान हलवली.

परीक्षेत उतारा यायचा आणि खाली प्रश्न. सोप्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात सापडायची. अवघड प्रश्नांची लिहिलेली नसायची, ती आपण काढायची. सिताबाई स्वतःच उतारे रचायच्या. एकदा त्यांनी वाचून दाखवलं, 'मथुराबाईची चूल दोन दिवस पेटली नाही. शेजारणीनं ठेवलेल्या दुधावर साय धरली आहे. दाराला बाहेरून कडी आहे.'

"सांग, काय झालंय?"

"नवऱ्याशी भांडून माहेरी गेली."

"घरात न्हाय, एवढं कळतं. भांडण कुठं लिव्हलंय? बोट ठेव."

मला बोट ठेवता येईना.

"ते तुझ्या मनातलं," बाई म्हणाल्या. "उताऱ्यातलं तेवढंच घ्यायचं. पण उताऱ्यात असंल ते एक सोडायचं न्हाय."

तेव्हापासून मला खोडच लागली. पत्र आलं की मी दाराआड उभी राहून ऐकायची आणि मनात प्रश्न काढायची. हे मोडीत लिहायचे आणि मोडी मला येत नव्हती. त्यामुळं बोट ठेवायचं म्हटलं तरी कुठं ठेवणार? मामा वाचतील तेवढाच माझा उतारा. एका पत्रात होतं, 'परड्यातल्या आडाचा दोर बदलला का? जुना दोर हाताला कापतो.'

मामांचा हात लुळा, म्हणजे पाणी ओढायचं मीच. ह्यांना माझे हात आठवले होते. मी दाराआड तळव्यांवरचे फोड बघत उभी राहिले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझं मन भरून आलं.

"लिही," मामांनी आतून हाक मारून सांगितलं, "दोर चांगलाय, काळजी नसावी."

त्याच फोडांच्या हातानं मी लिहिलं, 'दोर चांगला आहे.' माझ्या हातचं ते पहिलं पत्र. ते हिंमतरावांनी पोचवलं. त्यांचं शेत हद्दीला लागून होतं, आणि बैल पाण्यावर न्यायच्या निमित्तानं ते पलीकडं जाऊन यायचे.

आता माझी एकच आस होती. हे अक्षर माझं आहे हे ह्यांना कळावं. बाकी काही नको. ते लांब कॅम्पात कागद उलगडतील, बघतील, आणि त्यांना कळेल की हिनं लिहिलंय. मी दिवस मोजत राहिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मामांनी वाचलं, 'पत्र कोणाकडून लिहविता? अक्षर फार कच्चे आहे. शाळेतल्या पोरांकडून लिहवू नये, गोष्ट बाहेर फुटेल.'

मला इतका राग आला की त्या दिवशीच्या आमटीत मी मीठ दोनदा घातलं. मामा मुकाट्यानं जेवले. दुसऱ्या दिवशी सिताबाईंपुढं मी पाटी आदळली. "एवढं शिकलेलं माणूस, एवढं कळू न्हाय?"

"कसं कळावं? तुला लिव्हता येतं हेच त्यांना ठाऊक न्हाय," बाई म्हणाल्या. "उताराच अपुरा दिलाय, अन् उत्तर पुरं मागतीस."

ते बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. मी लिहितेय असं सांगायची सोय नव्हती. सासऱ्यांच्या पत्रात सुनेनं स्वतःचं नाव घुसवायचं, हे माझ्या हातून झालं नसतं.

रात्रीच्या जेवणाआधी मामांनी कागद काढायला सांगितला. इकडचं तिकडचं सांगून झालं. मग ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "लिही, अक्षर घरातलंच हाय."

माझी लेखणी थांबली.

"लिव्हलंस?"

"व्हय, मामा."

घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकाचा हात चालत नव्हता. आता उतारा पुरा होता.

वैशाख लागला. हद्दीवरचा पहारा वाढला, आणि तिथल्या नाल्यात रझाकारांनी पलीकडून येणाऱ्या दोघांना गोळ्या घातल्या. महिनाभर हिंमतरावही फिरकले नाहीत. मी रोज सिताबाईंकडं जायची, उतारे सोडवायची, आणि सगळ्या उताऱ्यांत मला कुणीतरी येणारं दिसायचं. बाई म्हणायच्या, "बोट ठेव," की मी पाटी पुसायची.

मग एका दुपारी हिंमतराव पत्र देऊन गेले. मामांनी ते उघडलं, थोडा वेळ धरून बसले, आणि माझ्यापुढं केलं.

"हे बाळबोधात लिव्हलंय. मला काय हे वाचाय यायचं न्हाय. तूच वाच."

रोज सकाळी अंघोळ करून बाळबोधातली छापील पोथी वाचणारा माणूस हे सांगत होता. मी कागद घेतला. तो माझ्या हातात आलेला ह्यांचा पहिला कागद.

एरवी एका दमात मोडी पळवणाऱ्या त्या माणसानं पट्टीनं ओळी आखल्या होत्या. प्रत्येक अक्षर सुटं आणि हरभऱ्याएवढं, शब्दाशब्दांत बोटभर जागा. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसासाठी लिहितात तसं. मजकूर नेहमीचाच होता. हवा कोरडी आहे. खोकला बरा आहे. वडील मंडळींस शरणार्थ, लहानांस आशीर्वाद. माझं नाव कुठंच नव्हतं, आणि अख्खं पत्र मला होतं. मामा दुसरीकडं बघत होते.

शेवटी आणखी दोन ओळी होत्या. 'घरी येऊन जावे असे फार वाटते. अमावस्येला हिंमतरावांच्या शेतातून एका रात्रीपुरता येईन म्हणतो. यावे की न यावे, ते कळवावे. कळवाल तसे करीन.'

मामांचा चांगला हात लुळ्या हातावरून फिरत राहिला. एकुलता एक लेक.

"मामा, काय लिहू?"

"माझ्या तोंडून ये बी निघंना अन् नको बी निघंना," ते म्हणाले. "माझ्या सोमलिंगानं ईचारलंय ते मला न्हाय. काय लिव्हायचं ते तूच लिही." आणि काठी घेऊन दुकानाकडं निघून गेले.

मी कागद घेऊन बसले. जन्मात पहिल्यांदा माझ्या मनातलं लिहायची मला मुभा होती. या, एवढंच लिहायचं होतं. मला ते हवे होते, एका रात्रीपुरते का होईना, उंबऱ्यात उभे राहिलेले तरी. 'या' लिहिलं असतं तर ते आले असते. हिंमतरावांच्या शेतातून येणारी वाट त्याच नाल्यातून होती.

मी लिहिलं, 'येऊ नये.'

आता ते हा कागद उलगडतील. हे कुणी लिहिलं ते त्यांना बघताक्षणी कळेल. नको म्हणणारी मी आहे, हेही कळेल. बाकीचं त्यांना काढता येईल का, ते मला कसं कळणार? निदान हात तरी कापायला हवा होता, शाईचा एखादा डाग तरी पडायला हवा होता. पण सिताबाईंनी चार महिने गिरवून घेतलेलं ते अक्षर कधी नव्हे इतकं सुरेख आलं होतं, आणि कुठं बोट ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं.