नऊ नंबरचे चोवीस टक्के

साडूच्या घरी नवा सोफा आला.

सोळा बोल्ट. सोळाही घट्ट.

ऑफिसबाहेरचा फळा, खडूने: चार नंबर, एकतीस टक्के. नऊ नंबर, चोवीस टक्के.

"पाटी तर दोन्हींवर सारखीच आहे ना हो? दोन मेगावॅट?" हे बायकोचं.

वारा पश्चिमेचा. महिनाभर पश्चिमेचाच.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात घोळत होतं, आणि तो माणूस ऐंशी मीटर उंचावर, दुसऱ्याच्या पवनचक्कीच्या पोटात, पाना हातात धरून बसला होता. तो नऊ नंबरचा फिटर. ही चार नंबर, त्याच्या साडूची.

बायकोला त्याने शंभरदा समजावलं होतं. "अगं, पाटीवरचे दोन मेगावॅट म्हणजे जोराचा वारा असेल तेव्हाचे. तसा वारा वर्षभर कुठे असतो? शंभरातले तीस मिळाले तरी डोक्यावरून पाणी."

"मग ताईच्या घरी एकतीस कसे मिळतात?"

"त्यांची पुढच्या रांगेत आहे. ती आधी वारा खाते. उरलासुरला, घुसळलेला माझ्या वाट्याला."

"म्हणजे तिथंही उष्टंच का?"

त्यानंतर त्याने समजावणं सोडलं. सासरे मोठ्या जावयाला लाडाने 'एकतीस' म्हणायचे. धाकट्याला काहीच म्हणायचे नाहीत. त्यातून साडू माणूस सरळ, उमदा. त्याला चार शिव्या घालून मन मोकळं करायचीही सोय नव्हती.

चार नंबरचे ब्रेक बदलायला ती तीन दिवस बंद होती. नियम असा की ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही. दुसऱ्या फिटरने बोल्ट तपासून सही करायची, मगच पवनचक्की सुरू. साडूने आपण होऊन त्याचं नाव सुचवलं होतं.

बोल्ट तपासून त्याने वरचं झाकण उघडलं, डोकं बाहेर काढलं आणि मागे पाहिलं.

नऊ नंबर फिरत होती. अकरा वर्षं तिला ग्रीस घातलं, तिच्या कुरकुरी ऐकल्या, पण अशी फिरताना तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. न अडखळता, न थरथरता, एका लयीत. समोर वारा अडवणारं कोणी नव्हतं. झाकण लावायचं सोडून तो बघत राहिला.

"झालं का रे?" वॉकीटॉकीवर खालून साडू. "करू सुरू?"

त्याने सोळा बोल्टांकडे पाहिलं.

"दोन जरा शंकास्पद वाटतायत. उद्या परत बघतो."

"बघ बाबा. तू म्हणशील तसं."

उद्या तो म्हणाला, परवा. परवा म्हणाला, बोल्ट किती आवळलाय ते पानाच बरोबर दाखवत नाही, दुसरा मागवा. दुसरा पाना यायला चार दिवस गेले आणि महिना संपला.

फळा: चार नंबर, बावीस. नऊ नंबर, सत्तावीस.

त्या रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला होते. फळ्याचा विषय साडूनेच काढला.

"अहो, सत्तावीस काय घेऊन बसलात! याने माझे सोळा बोल्ट चार-चार वेळा तपासले. मी असतो तर पहिल्याच दिवशी सही ठोकून खाली उतरलो असतो. उद्या वर काही तुटलं असतं म्हणजे?"

"जबाबदारीचा माणूस आहे," सासरे म्हणाले आणि पहिल्यांदाच भाताचं भांडं आधी त्याच्याकडे सरकवलं.

बायकोने ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या नजरेसाठी त्याने काय नसतं केलं? त्याने मान खाली घातली. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"वाढू का अजून?" ती म्हणाली.

"नको."

पवनचक्क्या वाटून दिल्या त्या दिवशी पहिली निवड त्याला मिळाली होती. त्याने नऊ नंबर मागून घेतली, कारण मागच्या रांगेत वर काम करताना वारा कमी लागतो.