सरळ केलेली पाती

साहेब, तुम्ही खोटं बोललात. "चालक बाईला इंजिनाचा अंदाज आला नाही," असं भर बैठकीत माइकवर सांगितलंत, आणि मला बचाव पथकाच्या बोटीवरून उतरवून फाटकावर हजेरी घ्यायला बसवलंत. बाई आहे म्हटल्यावर ते सगळ्यांना पटलंही.

मोहगावकडच्या जलाशयात त्या दिवशी काय झालं ते काठावरच्यांनी पाहिलं आहे. पाणी चढलं आणि बकऱ्या चारणारे भिवाजीबुवा मधल्या टेकाडावर अडकले. मी बोट नेली. जाताना ठीक होती. बुवांना आणि त्यांच्या बकऱ्यांना घेतलं, बोट वळवली, तसं इंजिन किंचाळायला लागलं. आवाज दुप्पट आणि बोट जागच्या जागी. प्रोपेलर पाणी सोडून हवा घुसळत होता. वेग कमी केला की जरा धरायचा, वाढवला की पुन्हा सुटायचा. आम्ही सांडव्याकडे वाहत निघालो. शेवटी लोकांनी दोर फेकून ओढून काढलं. काठावर पाय टेकल्याबरोबर बुवा म्हणाले, "तुह्या मशीनले धाप लागली होती वो, सुचिता."

तीच धाप मला झोपू देईना. उन्हाळ्यात प्रोपेलर खडकाला लागला होता. तुमच्या माणसाने तो सौंसरातल्या हिरामण मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणला. त्यानंतर वजन घेऊन ही पहिलीच फेरी होती.

पांढुर्ण्याच्या पथकाकडे हुबेहूब अशीच बोट आहे. तिथला चालक राजू माझ्यासोबत ट्रेनिंगला होता. त्याच्याकडचा जादा प्रोपेलर मागून घेतला, थैलीत घातला आणि सौंसरची बस धरली. शेजारच्या बाईंनी थैलीत डोकावून पाहिलं.

"पाऊस पडून राहिला अन् कूलरचा पंखा घेऊन चालल्या, बाप्पा!"

परत येऊन आपल्या बोटीचा प्रोपेलर काढला आणि दोन्ही घेऊन हिरामणच्या दुकानात गेले. हिरामण कूलरचे पंखे सरळ करतो. त्याच्याकडे कडप्प्याची एक गुळगुळीत फरशी आहे. पंखा त्यावर पालथा ठेवायचा, पट्टी उभी धरून प्रत्येक पातं मोजायचं, सगळी एका उंचीवर आली की काम झालं. त्याच कडप्प्यावर मी दोन्ही प्रोपेलर शेजारी शेजारी ठेवले, मागची बाजू खाली करून.

पात्याला पीळ असतो, तो वेगळा. मी मोजत होते तो रेक. पातं मधल्या तुंब्यातून निघून सरळ बाहेर जातं, की बोटीच्या मागच्या बाजूला झुकतं, ते रेक सांगतो. पात्याच्या मधोमध पट्टी धरायची, एकदा मुळाशी, एकदा टोकाशी. राजूच्या प्रोपेलरची टोकं मुळापेक्षा बरीच खाली होती. आपल्याची मुळाच्या बरोबरीने.

"हिरामणभाऊ, हे पाहा."

"मंग? आपलं लेव्हलमधी हाय. त्याचंच वाकलं असन."

"तिन्ही पाती एकसारखी वाकतील?"

त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. मग फिरवून पुन्हा मोजलं.

"मायापाशी आलं तवा दोन पाते मांगं झुकले होते, एक सरळ होतं. मले वाटलं, दोन बिघडले. कूलरचं पातं झुकलं का पंखा थरथरते. म्हनून गॅसनं तापोले अन् सरळ केले."

"खडक कोणत्या पात्याला लागला होता, भाऊ?"

"खरडा तं त्या सरळवाल्यालेच होता," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "म्हंजे मी बिघडल्यासंगं चांगले मिळोले."

मी त्याला सोडलं नाही. "विचारता येत नव्हतं?" म्हणून चांगलं सुनावलं.

"कोनाले विचारू, ताई? तुमच्या हाफिसातला मानूस म्हने, सरळ करून दे, उद्या पाह्यजे. दिलं सरळ करून."

मागे झुकलेलं पातं पाण्याला धरून मागे रेटतं. आमची सरळ झालेली पाती वजन पडल्यावर, वळणावर, पाणी टोकाकडून बाहेर उडवत होती आणि वरून हवा ओढत होती. एवढंच झालं होतं. हिरामणने मार खाल्लेल्या पात्याला माप धरलं, कारण ते त्याच्या ओळखीचं दिसत होतं. या चुकीचा मी बराच विचार केला. पंखे बघत आयुष्य गेलेल्या माणसाची ती चूक आहे. तुमचं आयुष्य काय पाहण्यात गेलं आहे? तुम्ही तर प्रोपेलर पाहिलाच नाही, मला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हिरामण दुकान बंद ठेवून माझ्यासोबत तुमच्याकडे आला. तुम्ही विचारलंत, "या कूलरवाल्याला कोणी बोलावलं?"

"कोनी नाही जी. चूक माई हाय, म्हनून आलो."

टेबलावर दोन प्रोपेलर होते, पट्टी होती. तुम्ही हात लावला नाही. "चौकशी संपली आहे," म्हणालात आणि तोच प्रोपेलर पुन्हा बसवायला लावलात, कारण दुसरा मंजूर नाही.

आता माझ्या जागी रोशन आहे. पोरगा चांगला आहे, माझ्याइतकीच चांगली बोट चालवतो. दुर्गा विसर्जनाला तुम्ही त्याला त्याच पाण्यात पाठवणार आहात, मंडळाची माणसं भरून. मला फाटकावर बसवायचं तर बसवा. पण तो प्रोपेलर बदलणार आहात, की रोशनलाही "अंदाज आला नाही" म्हणायचं आधीच ठरवून ठेवलं आहे? विसर्जनाच्या आधी उत्तर द्या.