चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीच्या मागच्या खिडकीशी ताई टाचा उंचावून उभ्या होत्या. काच वाफेनं धुरकटलेली. एका कोपऱ्यातून तेवढं आतलं दिसत होतं, आणि तो कोपरा ताई सोडायला तयार नव्हत्या. घरच्यांनी कामाच्या जागी फिरकायचं नाही, दारातून डोकवायचं नाही, सारखे फोन करायचे नाहीत, असं आजवर त्यांनी कितीतरी आयांना आणि बायकांना दरडावून सांगितलं होतं. आणि आज स्वतः रजा टाकून इथे चोरासारख्या उभ्या!

पुनर्वसन केंद्रात ताईंचं कामच ते. मनाच्या आजारात नोकरी गमावलेल्या माणसांची तयारी करून घ्यायची, मालकांची मनधरणी करून त्यांना कामाला चिकटवायचं, आणि मग हळूच बाजूला व्हायचं. पहिल्या दोन गोष्टी त्यांना छान जमत. तिसरीच्या नावानं बोंब होती.

आत लंबू होता. उंचीमुळे केंद्रात सगळे त्याला लंबूच म्हणत. तिथे येण्याआधी कित्येक वर्षं हा माणूस घराबाहेर पडला नव्हता. मागे ताईंनीच त्याला एका पिशव्या शिवायच्या कारखान्यात लावून दिलं होतं. तिथे आजाराची गोष्ट फुटली. कुणी वाईट बोललं नाही. फक्त त्याच्या पुढ्यातली कात्री कुणीतरी गुपचूप उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. या खेपेला त्याची एकच अट होती, मालकाशिवाय कुणाला कळता कामा नये.

"या वेळी कळलं ना ताई, तर मी परत नाही उठणार," तो म्हणाला होता. आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

काम साधं होतं, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायचं. पण मोठी चादर एकट्याला आवरत नाही. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, आणि मग एकानं पुढे येऊन आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. ताईंनी केंद्रातल्या टेबलखुर्च्या बाजूला सारून त्याच्याकडून याची तालीम करून घेतली होती. घडी त्याला पहिल्याच दिवशी आली. अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जायचं, बोटाला बोट लागू द्यायचं, याचा मात्र त्याला धसका होता. आज चादरीचं दुसरं टोक ताईंच्या हातात नव्हतं. ते एका ठेंगण्या, बोलघेवड्या बाईच्या हातात होतं. तिला सगळे मावशी म्हणत.

चादर ताणली गेली, झटकली गेली. लंबू पुढे झाला आणि मध्येच थबकला.

"दे रे, दे तिच्या हातात," ताई पुटपुटल्या.

मावशी काहीतरी बोलली, हसली, आणि कोपरे तिच्या हातात गेले. मग पुढची चादर. मग त्याच्या पुढची. एवढं पाहून शहाण्या माणसानं घरी जावं की नाही? पण जीव टांगणीला लागलेल्याला शहाणपण कुठून सुचणार! त्याचा चेहरा फार उतरलाय का? हात थरथरतोय का? नीट दिसावं म्हणून ताईंनी बाहीनं काच पुसली.

त्या हालचालीनं लंबूनं वर पाहिलं. त्याच्या हातातून कोपरे सुटले आणि धुतलेली चादर ओल्या फरशीवर पसरली.

"अगं बाई! काय झालं रे?" मावशीचा आवाज खिडकीच्या उघड्या फटीतून स्पष्ट आला. त्याच्या नजरेमागे तिनंही नजर नेली. "ती कोण? मघापासून दिसतेय मला. म्हटलं चोरबीर आहे की काय!"

ताईंचे पाय जागीच खिळले. पळावं तर संशय, थांबावं तर चौकशी. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र लटकत होतं, त्यावर केंद्राचं नाव चांगलं ठसठशीत. ते त्यांनी घाईघाईनं पर्समध्ये कोंबलं. त्या माणसानं महत्प्रयासानं गोळा केलेलं बळ आपण आपल्या हातानं मातीत घातलं, या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

लंबूनं वाकून चादर गोळा केली.

"माझी मोठी बहीण आहे," तो म्हणाला.

"मग आत ये म्हणावं की. अशी भुतासारखी काय उभी?"

"नाही हो मावशी. तिला ना... जरा काळजीचा आजार आहे. मी घराबाहेर पडलो की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही."

"अरे देवा. डॉक्टरला दाखवलंत का?"

"चालू आहे. होईल हळूहळू बरी. तुम्ही रागावू नका तिला."

मागचं दार उघडलं. मावशी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि थोडं अंतर राखून थांबली. बोलली ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाला समजवावं तशी.

"घाबरायचं नाही हं ताई. भाऊ बरा आहे तुमचा. छान काम करतोय. आम्ही आहोत ना सगळे? पाणी प्या बरं."

ताईंची कानशिलं तापली. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. केंद्रातल्या माणसांशी लोक असंच बोलत. कधीमधी त्या स्वतःही बोलल्या असतील. स्वतःच्या वाट्याला तो पहिल्यांदाच येत होता, आणि झोंबत होता. अहो, मी कोण आहे माहीत आहे का, असं अगदी ओठांवर आलं. मावशीच्या मागे, दारात, ओली चादर छातीशी धरून लंबू उभा होता. तो ताईंकडेच बघत होता.

ताईंनी पेला दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून त्या पाणी प्यायल्या.

"जाल ना नीट घरी? रस्ता माहीत आहे?"

"हो," ताई म्हणाल्या.

"शाब्बास."

लंबू आत वळला. ताई निघाल्या. वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही, कारण मावशी अजून दारातच होती, ही बाई रस्ता धड ओलांडते की नाही ते बघत.