केकचा तुकडा

एकोणसत्तर सालच्या माघात निर्मलकुमार धुळ्याहून राजकुंवरला बघायला जळगावला आला, तेव्हा नकार द्यायचं तिने मनात पक्कं केलं होतं. आधी बघायला आलेल्या दोघांनी पापड लाटता येतात का, एवढंच विचारलं होतं. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा तोंडावर असताना पापडांवर कोण बोलत बसणार?

निर्मलकुमारने मात्र विचारलं, "पुढे काय करायचं आहे?"

"एम.एस्सी."



"मग करा की! माझी नोकरी पुण्यात आहे, विद्यापीठही तिथेच. आणि तुम्हाला काय, पीस ऑफ केक!"

राजकुंवरने पहिल्यांदाच वर पाहिलं. उंच मुलगा, कान जरा मोठे, बोलण्यात इंग्रजीची फोडणी. नकार कुठल्या कुठे गेला.

पण दादी झमकूबाईंनी 'केक' तेवढा टिपला. कांदा-लसूणही त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. त्यांनी शेजारच्या इंदरचंदकाकांना कोपराने ढोसलं. काका इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेले.

"केकचा तुकडा देईन म्हणतो," काका कुजबुजले.

"अंड्याचा?"

"केक म्हटला की अंडं आलंच."

दादींनी सरळ मुलालाच विचारलं, "काय हो, तुम्हाला केक चालतो?"

"छे! नॉट माय कप ऑफ टी," तो हसून म्हणाला.

"आता आपला चहाही नको म्हणतो," काकांनी भर घातली.

दादी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. राजकुंवर मागोमाग धावली.

"दादी, ती बोलायची रीत आहे. अभ्यास सोपा जाईल, असं म्हणाले ते."

"मग सोपा म्हणायला जीभ झडली का?"

"इंग्रजीत तसंच म्हणतात. आणि चहाचं म्हणाल, तर केक आवडत नाही, एवढाच अर्थ."

"पोरी, माझं डोकं खाऊ नकोस!"

"दादी, आपल्यात केक चालत नाही, मग डोकं कसं चालतं?"

दादींनी डोळे वटारले. मग ओठ थरथरले, पदर तोंडाशी गेला, आणि त्या अशा हसल्या की फळीवरचा डबा धरून उभं राहावं लागलं.

बाहेर येऊन त्यांनी मुलाला विचारलं, "अंडं खरंच नाही ना?"

"शपथ, दादी. कधी हातही लावला नाही."

"मग शिकू द्या हिला. फक्त लग्नात इंग्रजी नको. आमचे इंदरचंद लग्न लावणाऱ्या गुरुजींनाही अर्थ सांगत बसतील." मग त्या नातीकडे वळल्या. "तुझं काय गं?"

एवढ्या माणसांत तोंडाने कसं सांगायचं? राजकुंवर पुढे झाली, होकार ठरला तर मुलाला द्यायचा म्हणून कोनाड्यात ठेवलेला नारळ घेतला आणि दादींच्या हातात ठेवला.