न फाटलेला कोट

"माणसाकडे एकच गोष्ट असावी लागते, ती म्हणजे नजर. नजर असली की जगातलं काही म्हणता काही लपून राहत नाही," असं भिंगसाहेबांनी जेवताना जाहीर केलं आणि लगेच विचारलं, "मीठ कुठं गेलं?"

"तुमच्या कोपराखाली," बायको म्हणाली.

भिंगसाहेब हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. छत्र्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली. उघडलेली छत्री हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, दुसऱ्याला भिंग लावून ते तिच्याकडे असे बघत, की छत्रीलाच काहीतरी कबूल करून टाकावंसं वाटे. एक टाका सुटलेला दिसला की छत्री परत. एकदा बाहेर धो धो पाऊस असताना त्यांनी खुद्द मालकांची छत्री नापास करून ठेवून घेतली होती. मालक भिजत घरी गेले. हा किस्सा कारखान्यात अजून सांगतात आणि मालक सोडून सगळे हसतात.

निवृत्त होऊन बरेच दिवस झाल्यावर कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. नवे तपासनीस घेतलेत, शनिवारी येऊन त्यांना 'नजर' या विषयावर दोन शब्द सांगाल का? भिंगसाहेबांनी त्याच संध्याकाळी तासाभराचे दोन शब्द तयार केले. प्रश्न फक्त कोटाचा होता.

कोट राखाडी, जाड सुती कापडाचा, नोकरी लागली तेव्हा शिवलेला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला भिंगसाहेब तो दाखवत आणि म्हणत, "शिंप्याच्या हातून सुटल्यापासून याला कुणाची सुई लागलेली नाही. माझे कपडे फाटत नाहीत. वापरायची अक्कल लागते." पाहुणे कोटाकडे बघत, बायको चहाच्या कपांकडे बघे.

आता मात्र कोटाचे खांदे उन्हानं पार विटले होते आणि कॉलरनं स्वतःचाच एक पिवळट रंग शोधून काढला होता.

"नवा घ्या एखादा," बायको म्हणाली.

"नव्या कोटात जाऊन मी काय बोलणार? हा कोट म्हणजेच माझं भाषण आहे. काळा रंगवतो."

"रंगवता? असू दे ना तसाच. बरा दिसतो."

पण भिंगसाहेब तोवर चपला घालून रंगाच्या दुकानात पोचले होते. दुकानदारानं पुडी काढण्याआधी विचारलं, "कापड सुती ना?"

"अस्सल."

"आणि दोरा? सुती कापडाचा हा रंग पॉलिस्टरच्या दोऱ्यावर चढत नाही, म्हणून विचारतो. मागाहून कुठं शिवलंबिवलं असेल तर..."

"मागाहून?" भिंगसाहेबांनी त्याच्याकडे छत्रीकडे बघावं तसं बघितलं. "या कोटाला मागाहून काही झालेलं नाही."

दुकानदारानं पुडी दिली. वर कपड्यावर चालणारं एक काळं मार्करही दिलं. लागेल म्हणाला नाही, नुसतं दिलं.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघराचा कारखाना झाला. गरम पाणी, त्यात रंग, त्यात मूठभर मीठ, आणि त्यात कोट. भिंगसाहेब स्टुलावर बसून लाकडी दांडा फिरवत राहिले. मग पाण्यामागून पाणी बदलत कोट खळबळून काढला. ओला कोट कावळ्यासारखा काळा दिसत होता. त्यांनी तो गॅलरीत सावलीत टांगला, काळ्या हातांनी जेवले आणि समाधानानं आडवे झाले.

उठून बघतात तो कोट वाळत आला होता, आणि त्याच्यावर अक्षरशः रांगोळी उमटली होती.

मूळ शिंप्याची शिवण सुती दोऱ्याची, ती गुपचूप काळी झाली होती. पण बाकीचे टाके! उजव्या कोपरावर रफूची जाळी, दोन्ही खिशांच्या तोंडाशी टाके, काखेत टाके, पाठीच्या शिवणीवर वरपासून खालपर्यंत टाके. काळ्या कोटावर सगळे राखाडी, आणि तेही एकसारखे राखाडी नव्हेत. कोट जसजसा विटत गेला होता तसतसा कुणीतरी त्याला जुळणारा दोरा शोधून आणला होता. जुने टाके गडद, नंतरचे फिके, अलीकडचे जवळजवळ पांढरे.

भिंगसाहेब खाली बसले. उद्या ज्या माणसानं नजरेवर बोलायचं, त्याला स्वतःच्या अंगावरचा कोट आयुष्यभर दिसला नव्हता. आणि हे सांगायला आता कुणा साक्षीदाराचीही गरज नव्हती, कोटच बोलत होता.

"अगं!" त्यांनी हाक मारली. बायको वाटाण्याच्या शेंगांचं ताट घेऊन बाहेर आली. कोटाकडे बघून तिनं फक्त "अगंबाई" म्हटलं आणि शेंगा सोलायला बसली.

"हे काय आहे?"

"कोपराचं म्हणताय? चालत्या बसमधून उतरला होतात तेव्हाचं."

"आणि हा खिसा?"

"डबा खिशात कोंबायचात. सांगून दमले."

"पाठ?"

"पाठ..." तिनं एक शेंग सोलेपर्यंत विचार केला. "पाठ तुमची तब्येत सुधारली तेव्हाची. मग पुन्हा सुधारली तेव्हाची."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हीच म्हणायचात, माझे कपडे फाटत नाहीत. म्हटलं, नसतील फाटत."

भिंगसाहेबांनी मुकाट्यानं मार्कर काढलं आणि खिशावरचे टाके एकेक करून काळे करायला घेतले. चार टाके झाल्यावर खिडकीशी नेऊन पाहिलं. काळ्या कोटावर चार टाके जांभळे चमकत होते.

"खिशाला जांभळं लागलेली दिसतायत," बायको म्हणाली.

मग ते कोपराकडे वळले. भिंग काढलं, हात लांब केला, एक डोळा मिटला. आता मार्कर लावायचं होतं, पण हाताची सवय निराळीच होती, ती टाके तपासू लागली. कोपर झालं, काख झाली, पाठ झाली. उन्हं कलली. ताटातल्या शेंगा संपल्या तरी बायको तिथंच बसून राहिली.

"किती दोष निघाले?" तिनं शेवटी विचारलं.

"बघतोय." त्यांनी कोट उलटा करून अस्तराकडूनही पाहिला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पास."

"कुठला?"

"सगळाच माल पास आहे. उद्या हाच घालून जाणार. असाच. त्यांना दाखवणार."

झालं! इतका वेळ शांत बसलेली बायको ताडकन उठली. "दाखवणार? भाषण तुमचं असेल, टाके माझे आहेत! तिथं सगळे तपासनीस डोळे वटारून बसणार. ती डाव्या बाहीची कड तरी काळी करा. ती घाईत घातलीये मी. तुम्ही आंघोळीला गेला होतात, बाहेर यायच्या आत उरकायची होती."

"पास झालेल्या मालाला मी हात लावत नाही."

"तिरकी आहे ती!"

"पाहिली. नियमात बसते."

"तुमच्या हातून आजवर एक तरी छत्री पहिल्या फटक्यात पास झाली होती का?"

"नाही," भिंगसाहेब म्हणाले. "म्हणून तर सांगतोय."

ती ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ आत भांडी आवश्यकतेपेक्षा जास्त वाजत राहिली. पण शनिवारी ती ठेवणीतली साडी नेसून आधीच दारात उभी होती. "मी येतेय. कोण काय नावं ठेवतं ते ऐकायला."

कारखान्याच्या सभागृहात नवे तपासनीस वह्या उघडून बसले होते. ती पहिल्या रांगेत बसली. भिंगसाहेब उभे राहिले, त्यांनी कोट काढला आणि खाली दिला. "दोष शोधा."

कोट हातोहात फिरला. कुणी कोपर दाखवलं, कुणी खिसा. चार जांभळे टाके सगळ्यांनाच सापडले. "ते माझे," भिंगसाहेब म्हणाले, "ते नापास." डाव्या बाहीशी एकजण बराच घोटाळला. पहिल्या रांगेत बायकोनं श्वास रोखला. त्यानं बाही पुढे सरकवली, तिनं श्वास सोडला.

"हे राखाडी टाके," भिंगसाहेब म्हणाले, "एका तपासनिसाच्या घरात, त्याच्या पाठीवर, त्याच्या काखेत पडत होते. रोज कोट घालायचा तो. त्याला एकही दिसला नाही."

"कोण हो असा?" मागून कुणीतरी हसत विचारलं.

"तुमच्यासमोर उभा आहे."

मॅनेजरनं पाण्याचा पेला अर्ध्यात खाली ठेवला. भिंगसाहेबांचा आवाज खाली आला. "दोष दिसण्यासाठी कारखाना पगार देतो. तो दिसतोच. पण नीट झालेलं काम दिसायला..."

एवढं बोलून ते फळ्याकडे वळले आणि खडूनं मोठ्या अक्षरात 'नजर' असं लिहू लागले. पाठीमागे कुजबुज उठली, ती वाढत गेली. मुद्दा पोचला, त्यांना वाटलं. त्यांनी शब्दाखाली एक सावकाश रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी ओढायला घेतली, इतक्यात पहिल्या रांगेतून हलका आवाज आला.

"अहो, तो कोट तेवढा घाला परत. शर्ट पाठीवर उसवलाय."