हंसाच्या बोटीत तोबे-सान

तोबे-सान टॅक्सीत मागच्या सीटवर बसले तरी त्यांचा पाय ब्रेक दाबत असतो. पुढे सिग्नल पिवळा झाला की इकडे त्यांचा बूट टॅक्सीच्या फरशीत रुतलाच. ड्रायव्हरला पत्ता नसतो, पण शेजारी बसलेली माझी आई त्या बुटाकडे बघून गालातल्या गालात हसते. मला बुटाचा राग येत नाही. त्या हसण्याचा येतो.

तोबे-सान मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक आहेत. आईकडे लायसन्स होतं, पण घेतल्यापासून ते पर्समध्येच होतं, गाडी तिने कधी चालवलीच नव्हती. मग गेल्या वर्षी सराव करायला म्हणून गेली, आणि येताना गाडी नाही तर शिक्षक घेऊन आली. हे वाक्य मी शाळेत इतक्या जणींना ऐकवलंय की आता त्याच मला ऐकवतात.

एप्रिलमध्ये त्यांचं लग्न. आणि लग्न झालं की आम्ही नागाओका सोडून जोएत्सुला त्यांच्या घरी राहायला जायचं, नवीन शाळेत, तेही माझ्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘आहे’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. यंदा सप्टेंबरमध्ये मी शाळेच्या बँडची प्रमुख झाले. ट्रॉम्बोन वाजवते मी. सगळ्यात मागे बसून सगळ्यात मोठा आवाज काढते. आणि आता पुढे उभी राहून साठ पोरांना गप्प करते. हे सगळं सोडून एका ब्रेक दाबणाऱ्या माणसाच्या घरात जाऊन पुन्हा हळू आवाजात ‘आहे’ म्हणायचं? मुळीच नाही.

म्हणून नोव्हेंबरच्या सुट्टीत ते दोघं टोकियो बघायला जाणार आहेत असं कळल्याबरोबर मी म्हणाले, "मीही येते."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मी निवळले. माझ्या डोक्यात मात्र तळं होतं.

टोकियोच्या पश्चिमेला एका बागेत ते तळं आहे. मधल्या बेटावर बेनतेन देवीचं लाल देऊळ आहे. देवी देखणी आणि भलती मत्सरी. तिच्या तळ्यात जे जोडपं बोटीत बसतं ते तुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि माझ्याकडे तर पुरावा होता. घरात एक फोटो आहे. त्याच तळ्यात पांढऱ्या हंसाच्या बोटीत आई आणि माझे बाबा, बाबांच्या डोक्यावर मूर्खासारखी टोपी. बाबा आता साप्पोरोत दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहतात. देवीचं काम पक्कं असतं.

पहिला दिवस नुसता सहन केला. आसाकुसाच्या देवळातल्या मोठ्या कंदिलाखाली आई फोटो काढत होती आणि तोबे-सान हातरिक्षावाल्याकडे बघत होते.

"वळताना मागे बघितलं नाही त्याने," ते म्हणाले.

"तो धावतोय," मी म्हणाले. "त्याला आरसा नाही."

"मान आहे ना."

शिबुयाच्या चौकात हिरवा दिवा लागला, शेकडो माणसं चालू लागली, आणि हे पांढऱ्या पट्ट्याच्या काठावर थांबून बोट दाखवत म्हणतायत, "उजवीकडे मोकळं. डावीकडे मोकळं. पुन्हा उजवीकडे मोकळं." मोकळं कसलं डोंबल, मुंग्यांसारखी माणसं होती. काही परदेशी पाहुण्यांनी त्यांचा व्हिडिओ काढला. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातली असल्यासारखी पुढे निघून गेले.

रात्री तव्यावरून मोन्जा, म्हणजे आमचं पातळ धिरडं, खाताना तर कहर झाला. मी माझ्या छोट्या उलथन्याने कडेचं करपलेलं खरवडत होते, तोच भाग चांगला लागतो, तर म्हणाले, "सुझुनो-सान, तुम्ही मनगट चुकीचं वळवताय."

ते मला अहो-जाहो करतात. सगळ्या विद्यार्थ्यांना करतात, म्हणून मलाही.

"तोबे-सान, हे उलथनं आहे," मी म्हणाले. "याला गिअर नाही."

"सुझु," आई म्हणाली. तिचा एवढाच शब्द पुरतो.

"राहू द्या, फुमिए-सान," तोबे-सान म्हणाले. "पहिल्या तासाला सगळे असेच असतात."

मी उरलेलं सगळं करपलेलं एकटीने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोड आवाजात बाग सुचवली. पानं पिवळी झाली असतील, गर्दी कमी असेल, वगैरे. आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण हो म्हणाली. तळ्याशी पोचल्यावर त्यांना बोलायलाही न देता मी धावत जाऊन माझ्या पैशांनी हंसाचं तिकीट काढलं.

"हे माझ्याकडून," मी म्हणाले. "तुम्ही दोघं बसा. मी काठावरून फोटो काढते."

आईने हंसाकडे बघितलं. हंसाच्या पापण्या रंगवलेल्या होत्या, त्यानेही तिच्याकडे बघितलं.

"मी नाही बसणार," आई म्हणाली.

"का?"

"माझे गुडघे दुखतायत."

"काल मेइजीच्या देवळात एवढं चाललीस, तेव्हा नव्हते दुखत."

"आज दुखतायत."

बोटीच्या माणसाने हंस धक्क्याला धरून ठेवला होता. आमच्या मागे रांग होती. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते उभे होते, आणि तेच वाईट. घरात भांडणं झाली तरी चालतात, पण आपल्यापायी रांग खोळंबली तर आमच्या अंगाला घाम फुटतो. तोबे-सानांनी मागे वळून सगळ्यांपुढे मान लववली.

"तिकीट वाया नको," ते म्हणाले. "चला, सुझुनो-सान."

"मी?"

"रांग थांबलीये."

रांग खरंच थांबली होती. एका आजीबाईंनी माझ्याकडे बघून घसा खाकरला. मी आईकडे बघितलं. ती पर्समधून काहीतरी शोधतेय असं दाखवत होती. मी हंसात बसले.

आत दोघांनाही पायडलं होती आणि मधे एक दांडा, तो वळवला की हंस वळतो. दांडा अर्थातच त्यांनी घेतला.

"आधी आरसा," ते सवयीने म्हणाले.

"हंसाला आरसा नसतो."

"मग मान वळवा. मागे मोकळं?"

"मोकळं," मी म्हणाले, दात ओठ खाऊन.

आम्ही धक्क्यापासून लांब गेलो. माझे पाय त्यांच्यापेक्षा जोरात चालत होते, कारण मला लवकर परत यायचं होतं. देवळाचं लाल छप्पर दिसू लागलं तसे त्यांनी पाय थांबवले. हंस नुसताच तरंगत राहिला.

"आम्हाला इथे का आणलंस ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

आणलंस. अहो-जाहो संपलं होतं.

"सगळ्या देशाला माहीत असलेली गोष्ट मला माहीत नसेल असं वाटलं तुला?"

"मग तिकीट काढताना बोलला का नाहीत?"

"फुमिए-सान काय म्हणतात ते बघायचं होतं. त्या नाही म्हणाल्या. बरं वाटलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबांबरोबर ती इथे हसत हसत बसली होती, आणि या माणसासाठी तिने गुडघे दुखवून घेतले. मला इतका संताप आला की मी मनातलं सगळं बोलून टाकलं. एप्रिल नको, जोएत्सु नको, तुमचं घर नको, तुम्ही नको.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "मलाही तू नको आहेस."

मोठं माणूस असं बोलत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

"दिवसभर तुझ्या वयाची मुलं माझ्या शेजारी बसून मला मारायचा प्रयत्न करतात," ते म्हणाले. "घरी गेल्यावर मला शांतता लागते. आणि तू जिन्यातून उतरलीस तरी बँड येतो. तुझ्या आईसाठी मी सहन करणार होतो."

"मग करू नका ना. मला नागाओकातच राहू द्या. शाळा संपेपर्यंत."

"एकटी?"

"आईबरोबर."

"आणि मी?"

"तुमचं तुम्ही बघा."

"माझ्या आईने तुमच्यासाठी वरची खोली रिकामी केलीये."

"तिला सांगा पुन्हा भर."

"तोंड फार चालतं तुझं."

"तुमचे पाय चालत नाहीत, त्यापेक्षा बरं," असं म्हणून मी दांडा धरला आणि माझ्या बाजूला ओढला. त्यांनी त्यांच्या बाजूला ओढला. दोघांचेही पाय सुरू झाले. ते ब्रेक शोधत होते हे मला त्यांच्या बुटावरून कळलं, पण हंसाला ब्रेकही नसतो. आम्ही सरळ दुसऱ्या हंसावर जाऊन आदळलो.

त्या हंसात एक कॉलेजातलं जोडपं होतं. मुलीच्या हातातला कोको तिच्या फिक्या कोटावर सांडला.

"मी म्हणाले होते ना, इथे बसायला नको," ती त्या मुलाला म्हणाली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही.

तोबे-सान अर्धे उभे राहून वाकले, पुन्हा वाकले, तिसऱ्यांदा वाकताना त्यांचं डोकं हंसाच्या छताला आपटलं. कोट धुवायचे पैसे ते देऊ लागले तर ती मुलगी म्हणाली, "हा देईल." तो मुलगा तळ्यात बघत बसला.

तो हंस गेल्यावर तोबे-सान खाली बसले. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्यांचं लायसन्स सोनेरी पट्टीचं आहे, सलग पाच वर्षं एकही चूक न केलेल्यांना मिळतं ते. आईला पहिल्यांदा त्यांनी तेच दाखवलं होतं म्हणे.

"पहिला अपघात," ते म्हणाले.

"पाण्यातला धरत नाहीत."

"मी धरतो."

परत येताना कुणी दांड्याला हात लावला नाही. हंस आपल्या मर्जीने वाकडातिकडा धक्क्याला लागला.

आई तिथेच उभी होती. टक्कर तिने बघितली होती, आणि आमचं ओरडणंही बहुतेक अर्ध्या बागेने ऐकलं होतं.

"फुमिए-सान," तोबे-सान म्हणाले, "आमचं एका गोष्टीवर एकमत झालंय. आम्ही दोघं एका छपराखाली राहू शकत नाही. म्हणून एप्रिलचं—"

"हंसात बसून दोघांनी माझ्या लग्नाचं ठरवलंत?" आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला विचारायचं नाही? मी काय तिकीट आहे, वाया जाईल म्हणून वापरायचं?"

"आई, देवीनेच—"

"देवीचं नाव घेऊ नकोस. बाबा आणि मी तुटलो ते देवीमुळे नाही. मी तोडलं. उगाच तिला मोठेपणा देऊ नकोस."

"मग बोटीत का नाही बसलीस?"

"उगाच कशाला," ती म्हणाली, आणि त्यामुळे आणखी चिडली. "आता दोघंही ऐका. लग्न एप्रिलमध्येच होईल. तारीख हलणार नाही. घरही हलणार नाही. सुझुची शाळा संपेपर्यंत मी नागाओकात. शनिवारी तोबे-सान, तुम्ही यायचं, नाहीतर मी गाडी घेऊन येईन."

"जोएत्सुपर्यंत?" तोबे-सान म्हणाले. "बर्फात? तुम्ही?"

"तुम्हीच शिकवलंय."

मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. टकरीच्या वेळीही नाही.

"मी येईन," ते घाईघाईने म्हणाले. "दर शनिवारी मीच येईन."

"आणि शनिवारचं जेवण सुझु करेल. तिघांचं."

"आई, शनिवारी बँडचा सराव असतो."

"संध्याकाळी नसतो."

म्हणजे मी जिंकले होते. शाळा माझी, बँड माझा, माझी खोली माझी. फक्त दर शनिवारी त्या माणसासाठी भात लावायचा होता, आणि तो माझं मनगट बघत बसणार होता.

परतीच्या शिन्कान्सेन बुलेट ट्रेनमध्ये आई मधे बसली. तोबे-सानांची गाडी नागाओका स्टेशनला उभी होती, म्हणून तेही आमच्याच डब्यात. आईने आमच्या दोघांशीही बोलणं टाकलं होतं. पहिला बोगदा यायच्या आत तिला झोप लागली.

"सुझुनो-सान," तोबे-सान तिच्या डोक्यावरून म्हणाले. अहो-जाहो परत आलं होतं. "अठरा पूर्ण झाल्यावर गाडी शिकायला माझ्याकडे येऊ नका."

"नाही येणार."

"दुसऱ्या शिक्षकाचं नाव देईन."

"मी शोधेन."

"छान."

नागाओका जवळ आलं, गाडीचा वेग उतरू लागला, आणि त्यांचा बूट हळूच फरशीत रुतला. आई झोपली होती, त्यामुळे त्याच्याकडे बघून हसणारं कुणी नव्हतं. मी तर हसणारच नव्हते.