अब्बांचा सिनेमा

अब्बांना दफन करून आठवडाही झाला नव्हता. जिब्रान पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून भर दुपारी घरी आला, तर थोरली बहीण इशरत टीव्हीसमोर खदखदून हसत होती. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने तिच्या मुस्काटात हाणली. तिचा ओठ फुटला.

“घरात मय्यत झालीय, आपा! शरम नाही वाटत?”

तिने हाताला लागलेला तांब्या त्याच्या कपाळात घातला. डोळ्यात रक्त उतरलं तसं त्याने तिला भिंतीवर ढकललं आणि टीव्हीला लाथ मारली. काच तडकली, चित्र गेलं, पण आवाज चालूच राहिला. सिनेमाभर सगळ्यांना हसवणारा उपाशी बाप खोटा ढेकर देऊन लेकीला सांगत होता, “माझं जेवण झालं गं, तू खा.”

जिब्रानची उगारलेली मूठ तशीच राहिली. दर वेळी इथेच अब्बा चष्मा काढून डोळे पुसायचे.

“अब्बांचा सिनेमा आहे हा?”

“मग काय!” इशरत रक्त थुंकत म्हणाली. “ते गेल्यापासून रडूच येत नव्हतं मला. म्हणून लावला.”

तो मटकन खाली बसला आणि तिच्या ओढणीत तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, पण ओढणीही सोडवून घेतली नाही.